शस्त्रक्रियेपूर्वीची उपकारस्तुती

बेळगावच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या गळ्यातील गाठ बोटांनी चाचपून पाहिली, तपासण्यांचे कागद उजेडाला धरले आणि शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले. गाठ कोणत्या स्वरूपाची आहे हे ती काढल्यावरच कळेल. शिवाय ती आवाजाच्या नसेला चिकटलेली दिसते, त्यामुळे जीव वाचला तरी आवाज वाचेल याची हमी देता येणार नाही, असेही ते म्हणाले. त्या दिवसापासून माझी प्रार्थना वाढली आणि विश्वास मात्र कमी कमी होत गेला. या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच माणसाच्या ठायी घडू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मी निपाणीला तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझी शाळा आठवीतच सुटली. तथापि मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत माझा मसुदा असा उतरतो की नव्याने सनद घेतलेले वकीलसुद्धा चहाचे निमित्त करून मला शब्द विचारून जातात. हे मी बढाई म्हणून नव्हे, तर पुढील हकिगत नीट समजावी म्हणून नमूद करतो. अर्जाची एक ठरलेली रीत असते. प्रथम मायना, मग अर्जदाराची ओळख, मग वस्तुस्थिती, मग कारणे आणि अखेरीस ‘तरी’ या शब्दाने सुरू होणारी विनंती. मायन्यात साहेबांच्या मोठेपणाचे चार शब्द असतात. ते लिहिणाऱ्याला मनापासून वाटत नसतात आणि वाचणारे साहेबही ते ओलांडूनच पुढे जातात. सारा जीव असतो तो शेवटच्या विनंतीत.

माझी प्रार्थनाही याच साच्यातली होती, आणि ती उत्तम आहे अशी आमच्या चर्चच्या मंडळीत सर्वांची समजूत होती. लग्न असो वा मयत, आमचे धर्मगुरू पाळकसाहेब प्रार्थनेसाठी माझ्याकडेच पाहत. पत्नीच्या दुखण्यात मी तर माझे सारे कसब पणाला लावले. हे सार्वकालिक, सर्वसमर्थ, कृपासागर पित्या, अशी सुरुवात करून मी देवापुढे कारणे मांडीत असे. ही तुझी दासी एस्तेर लहानपणापासून तुझ्या मंदिरात गीत काढून देत आली आहे. तंबाखूच्या वखारीत पाला निवडताना तिने शेजारच्या बायांना तुझी गीते शिकवली. तिचा आवाज हे तुझ्याच सेवेचे साधन आहे आणि तो गेल्यास नुकसान मुख्यत्वे तुझेच आहे. याहून भक्कम कारण मला तरी सुचले नसते. पण वरून काही उत्तर येत नव्हते. रोज उठून तिच्या गळ्याकडे पाहावे, तर गाठ होती तिथेच. माझा कागद कुठे तरी अडकून पडला आहे, किंवा ज्या दाराशी मी तो दिला त्या दाराआड कुणी बसलेच नाही, असे वाटू लागले. हा दुसरा विचार मनात आला तेव्हा मी फार घाबरलो.

दवाखान्यात दाखल होण्याचा दिवस ठरला, त्याच सायंकाळी एस्तेर भाकरी थापता थापता म्हणाली, “अवो, पाळकांस्नी सांगून या. जायच्या आधी आपल्या घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची हाय.”

आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा केव्हा घेतात हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आजारी माणूस उठून बसले, मुलाला नोकरी लागली, नवे घर बांधून झाले, की मंडळीतील लोकांना घरी बोलवायचे, गीते म्हणायची, देवाचे आभार मानायचे आणि सर्वांना चहा-चिवडा द्यायचा. आधी देवाने काम करायचे, मग आपण आभार मानायचे, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे.

“कशाबद्दल सभा?” मी विचारले.

“कशाबद्दल म्हंजे? देवाबद्दल.”

“अगं, अजून काम झालेलं नाही. काम झाल्यावर पोच देतात, आधी कुणी देत नाही.”

“ते तुमच्या कचेरीत,” ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडे न पाहता तिने सांगितले, “नंतर माझ्या गळ्यात आवाज असंल, नसंल. आत्ता हाय तवर त्याचं गुण गाऊन घेतो. मागायला मागनं हाईच की आयुष्य.”

यावर माझ्याजवळ युक्तिवाद होता. पण मी वहाणा घातल्या आणि पाळकसाहेबांकडे निघालो.

सभेला लोक आले ते हसतमुखानेच आले. उपकारस्तुती म्हटल्यावर गाठ बरी झाली असेच सर्वांनी धरले होते. एस्तेरची मावशी शांताबाई, जिला सारी गल्ली शांतामावशी म्हणते, तिने तर येताना हार आणला होता. तो एस्तेरच्या गळ्यात घालायला गेली आणि तिथेच थबकली.

“गाठ हाय की गं अजून.”

“हाय की.”

“मग आपरेशन?”

“व्हायचंय.”

मावशीने हार तसाच हातात धरून सगळ्यांकडे पाहिले. “म्हंजे वरात आधी नि लगीन मागनं,” ती म्हणाली. लोक हसले, पण ते हसणे अवघडल्यासारखे होते. पाळकसाहेबही क्षणभर गोंधळले. ते तरुण आहेत, जरा बुजरे आहेत. असल्या प्रसंगी काय वाचावे हे त्यांना कुणी शिकवले नसावे. तेवढ्यात एस्तेरने सर्वांना सतरंजीवर बसवले आणि सांगितले, “आज माझ्यासाठी कुणी कायबी मागायचं न्हाय. आज फकस्त त्याचं आभार. ज्याला मागायचं असंल त्यानं उद्या घरी बसून मागावं.”

मग पेटी आणि ढोलकी सुरू झाली आणि तिने माझ्या दिवंगत सासऱ्यांचे पद काढले. ते शिकलेले नव्हते. जात्यावरच्या चालीवर त्यांनी देवाच्या चांगुलपणाची पुष्कळ कडवी बांधली होती. त्यांचे धृपद इतके साधे की मी कधी त्याची दखलही घेतली नव्हती: भला तू, भला तू, भल्याहून भला. त्यात मागणे एकही नाही. एस्तेर गात होती, गळ्यातली गाठ तिच्या स्वराबरोबर वर-खाली होत होती, आणि घरभर वखारींकडून येणारा दुपारचा तंबाखूचा उग्र दर्प पसरलेला असूनही कुणी खोकत नव्हते.

गीत संपल्यावर यजमान या नात्याने मला प्रार्थनेस उभे केले. मी नेहमीप्रमाणे मायना घेतला. हे सार्वकालिक, सर्वसमर्थ पित्या, असे म्हणून पुढे गेलो, सवयीने ‘तरी’ या शब्दापर्यंत आलो आणि थांबलो. पुढे जायला बंदी होती. तिने बजावलेच होते. डोळे मिटलेले असतानाही तिची नजर मला जाणवत होती. मागे फिरून कुठे जावे, तर मागे फक्त तो मायनाच होता. तेव्हा नाइलाजाने मी मायन्यातलाच एकेक शब्द पुन्हा उच्चारला. सर्वसमर्थ, म्हटले, आणि थांबलो. या शब्दाला काही अर्थ असतो, हे मला तेव्हा प्रथमच कळत होते. मग मी सुचतील तसे आभार मानू लागलो. या बाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याबद्दल, आमच्या गरिबीत घरातून गाणे हटले नाही त्याबद्दल, आज सकाळी तिला भाकरीचा घास गिळता आला त्याबद्दल. माझी भाषा मोडत होती. शब्द पुढेमागे होत होते, वाक्ये अर्धीच राहत होती. आणि अशा मोडक्या भाषेत बोलता बोलता, मी कुणाच्या तरी समोर उभा आहे, असे मला जाणवले.

हे अधिक नीट कसे सांगावे हे मला कळत नाही, आणि शब्दांच्या बाबतीत असे मी सहसा म्हणत नाही. अर्ज लिहिणारा नेहमी फाटकाबाहेर बसतो. कागद आत जातो, अर्जदार आत जातो, लिहिणारा कधी जात नाही. साहेबांची खोली कशी आहे, ते हसतात की रागावतात, हे त्याला ऐकूनच माहीत असते. माझे देवाशी इतकी वर्षे असेच चालले होते. त्या दुपारी मला जणू कुणी हाताला धरून आत नेले. आत काय पाहिले? काही नाही. तेज नाही, आवाज नाही. पण माझ्या अंगावर काटा उभा राहिला, आणि माझ्याजवळची सारी कारणे मी विसरून गेलो. तो होता. इतकेच. मी ‘आमेन’ म्हणायला विसरलो. ते शांतामावशीने म्हटले.

सभेनंतर दोन-चार दिवसांनी आम्ही बेळगावला आलो. स्त्रियांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेतच सोडीत, म्हणून एस्तेरजवळ राहायला शांतामावशी आली होती. शेजारच्या खाटेवर उचगावची एक शेतकरीण होती. तिला कलाक्का म्हणत. पित्ताशयातील खड्यांसाठी ती आली होती, आणि मागच्या खेपेला शस्त्रक्रियेच्या भीतीने पळून गेली होती, असे तिने आम्हाला स्वतःच सांगितले. आमच्याकडच्या आणि त्या भागातील बायका स्वतःविषयी पुरुषांसारखेच बोलतात. तिच्या तोंडी ते फार गोड लागे.

“भ्यालो नि मागच्या दारानं गेलतो बघ,” ती म्हणाली. “तू न्हाईस व्हय गं भ्यालेलीस?”

“लई भ्यालोय,” एस्तेर म्हणाली.

“मग गाणं कसलं म्हणत बसतीस?”

एस्तेर खालच्या आवाजात तेच पद गुणगुणत होती. तिने ते थोडे मोठ्याने म्हणून दाखवले. कलाक्काने मान डोलावली. “देव तुमचा, पर चाल आमचीच हाय ही. आमची आय जात्यावर ह्याच चालीत म्हणायची. काय मागत्यात ह्या गाण्यात?”

“काय न्हाय. नुस्तं वाखाणतो त्याला.”

“आणि मागत न्हाईस?” कलाक्काने माझ्याकडे पाहिले, जणू घरचा कर्ता म्हणून याचा खुलासा मीच द्यायचा होता. “मग उपेग काय वो त्याचा, दादा?”

सभेच्या दुपारी याचे उत्तर माझ्याजवळ होते. पण दवाखान्याच्या औषधांच्या वासात, त्या लोखंडी खाटांमध्ये, ते कुठे तरी मागे राहिले होते. अशा अनुभवाचे असेच असते काय, हे मला ठाऊक नाही. माझे तरी असेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरला आत नेले. शस्त्रक्रिया पुष्कळ लांबली. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी सांगितले की गाठ संपूर्ण निघाली आहे, दिसायला वाईट वाटत नाही, तरी तपासणीचा निकाल यायचा आहे. नस मात्र गाठीत फार गुंतलेली होती. त्यांनी जपून सोडवली; आता आवाज किती परत येतो ते पाहावे लागेल. ते दमलेले दिसत होते. मी त्यांचे आभार मानले, पण मन त्यात नव्हते.

त्यानंतरच्या दिवशी भेटीच्या वेळी मी आत गेलो, तेव्हा एस्तेर उशीला टेकून बसली होती. गळ्याला पट्टी होती. मला पाहून तिने ओठ हलवले, आणि आवाज आला नाही. नुसता वारा आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. माझे नाव ती घेत नाही, ‘अवो’ एवढेच म्हणते, तेवढेही उमटेना. मग तिने गाण्यासाठी ओठ हलवले, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखू आले. पुन्हा वाराच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि शांतामावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

माझ्या मनात त्या क्षणी जे आले ते लिहिलेच पाहिजे. आम्ही आधीच आभार मानले, आणि त्याचे हे फळ? मागतच राहिलो असतो तर निदान नकार तरी मिळाला असता. पूर्वीची सारी कारणे पुन्हा माझ्या तोंडाशी आली, या वेळी रागाने. मी देवाशी भांडणार होतो आणि त्यासाठी माझी भाषा उत्तम तयारीत होती.

इतक्यात शेजारच्या खाटेवरून गाणे ऐकू आले. शस्त्रक्रियेसाठी कलाक्काचा नंबर आला होता. हिरवा झगा घालून, केस टोपीत कोंबून ती बसली होती, तिला न्यायला चाकांची गाडी दाराशी आली होती, आणि ती डोळे गच्च मिटून एस्तेरचे पद म्हणत होती. आवाज भीतीने थरथरत होता आणि चालीत एक-दोन ठिकाणी घसरत होता. सगळे शब्द तिला येत नव्हते. जे आठवत नव्हते तिथे तिने स्वतःचे घातले होते: भला तू, भला तू, उचगावचा भला, भाताला पाणी देतोस, भला, म्हशीला पान्हा देतोस, भला. मागणे एकही नाही. ज्या बाईने ‘उपयोग काय’ म्हणून विचारले होते, तीच शस्त्रक्रियेला जाता जाता काही न मागता देवाला वाखाणत होती.

पलीकडच्या खाटेवरच्या आजीने टाळी धरली. चाल सगळ्यांच्याच ओळखीची होती. एक एक करून बायका त्यात आल्या. ज्यांना शब्द माहीत नव्हते त्या नुसते ‘भला’ म्हणत. कन्नड बोलणारी परिचारिका गाडीचा दांडा धरून उभी राहिली आणि तिने घाई केली नाही. शांतामावशी भिंतीकडून वळली. आणि एस्तेर, जिच्या गळ्यातून श्वासापलीकडे काही निघत नव्हते, ती खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका देऊ लागली. तिच्या वडिलांचे पद तिच्यासमोर पूर्ण म्हटले जात होते आणि ती ओठ मिटून ते ऐकत होती. तिचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

मी वहाणा बाहेर काढलेल्याच होत्या, नाही तर तिथे काढल्या असत्या. सभेच्या दुपारी जो माझ्यासमोर होता, तोच त्या लोखंडी खाटांच्या मधल्या वाटेत आला होता. त्याची स्तुती एका गळ्यात थांबली, तेव्हा त्याने ती दुसऱ्या गळ्यात ठेवली; आणि तो गळाही अशा बाईचा निवडला, की जिला त्याचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. माझ्या तोंडाशी आलेले भांडण तिथेच राहिले. मीही ‘भला’ एवढेच म्हणालो. माझ्या आयुष्यातील ती सर्वांत आखूड प्रार्थना.

“आता पळून जाऊ नगंस,” गाडीवर झोपताना कलाक्काला मावशी म्हणाली.

“आता कुठं जातो,” ती म्हणाली. “एवढ्या बायांनी गाऊन पोचवल्यावर परत फिरलो तर लाज जाईल की.”

तिची शस्त्रक्रिया सुखरूप झाली. एस्तेरच्या गाठीचा निकालही चांगला आला. वाईट आजार नव्हता. याबद्दल देवाचे उपकार किती मानावेत. आवाजाचे मात्र तसे झाले नाही. घरी आल्यावर हळूहळू तो उमटू लागला, पण पूर्वीचा नव्हे. खोल, घोगरा, हाताच्या अंतरावर ऐकू येईल एवढाच. डॉक्टरांनी सांगितले की आता याहून फारसा वाढणार नाही. देवाने तिचा आवाज का परत दिला नाही, हे मी सांगू शकत नाही. मी विचारलेही नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शांतामावशीने मला एकदा सुचवले की आता तरी रीतसर उपकारस्तुती घ्यावी. एस्तेरने ते ऐकले आणि हाताने नकार देत त्या घोगऱ्या स्वरात म्हणाली, “ती झाली की.”

शस्त्रक्रियेनंतर ती प्रथमच उपासनेला आली त्या रविवारचे सांगून थांबतो. आमच्या मंदिरात माणसे दारापासून बसायला सुरुवात करतात. पुढच्या सतरंज्या रिकाम्या राहतात. पाळकसाहेब दर रविवारी ‘पुढे या’ म्हणतात आणि कुणी येत नाही, मीही जात नसे. त्या दिवशी गीताची वेळ झाली तेव्हा एस्तेर नेहमीच्या जागी, पुढे, उभी राहिली. मी मान खाली घातली. तिने सुरू केले. मागे कुणाला काही ऐकू आले नाही. पेटीवाल्याने भाता थांबवला, कारण पेटीखाली तिचा आवाज बुडत होता. ती थांबली नाही. तशीच, तेवढ्याच आवाजात, देवाला वाखाणत राहिली.

मग मागची एक म्हातारी उठली आणि ऐकू यावे म्हणून दोन सतरंज्या पुढे येऊन बसली. तिच्यामागून आणखी काही जण उठले. मुले घेतलेल्या बाया सरकल्या, भिंतीला टेकलेले पुरुष सरकले. कुणी कुणाला सांगितले नाही. सारी मंडळी हळूहळू पुढे येत गेली, इतकी की वेदीपर्यंत दाटी झाली आणि दारापाशी नुसते ऊन उरले. आणि तिचा आवाज बुडू नये म्हणून सर्वांनी आपापला आवाज खाली घेतला. एवढ्या माणसांनी इतक्या हळू गायलेली स्तुती मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. मीही पुढे सरकून तिच्या पायांपाशी बसलो होतो. प्रार्थनेसाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो, पुष्कळ वेळ त्याचे उपकार आठवीत राहिलो, आणि खाली बसल्यावर ध्यानात आले की मागायचे राहूनच गेले होते.